खाली बसलेला मुका मार: महिने-वर्षं उलटल्यावर पडणारे प्रश्न

गुडघ्याला लागलं तर बाई घरी येऊन सगळ्यांना दाखवते. मांड्यांच्या मधे लागलं तर न्हाणीघरात जाऊन एकटीच बघते, आणि सूज उतरेपर्यंत कुणाला कळू देत नाही. नाशिकच्या माझ्या ओपीडीत हा विषय बहुतेक वेळा केसपेपर लिहून संपत आला की निघतो, तोही मार लागून सहा महिने किंवा तीन वर्षं झाल्यावर. मग प्रश्न उपचारापेक्षा भीतीचे जास्त असतात. वारंवार येणारे इथे एकत्र लिहिले आहेत. ताजा मार असेल आणि रक्त थांबत नसेल, तर हे वाचत बसू नका, दवाखान्यात जा.

तिथल्या मुक्या मारात वेगळं काय असतं?

बाहेरून दिसणाऱ्या सगळ्या भागाला मिळून भग म्हणतात. केस येतात ते मोठे ओठ, त्यांच्या आत लहान ओठ, ते दोन्ही वर जिथे मिळतात तिथे क्लिटोरिस, त्याखाली लघवीचं छिद्र आणि मग योनीचं तोंड. मोठ्या ओठांत चरबी असते आणि शिरांचं दाट जाळं असतं. गरोदरपणात या शिरा आणखी फुगतात. या सगळ्याच्या मागे लगेच जांघेचं हाड आहे, म्हणजे मांडीचं नव्हे, ओटीपोटाच्या तळाशी समोर हाताला लागतं ते. त्यामुळे समोरून दांडी, फाटकाचा गज किंवा टाकीची कड जोरात लागली, की मधला मऊ भाग पाट्या-वरवंट्याच्या मधे सापडल्यासारखा चेंगरतो. कातडी फाटलेलीच असते असं नाही. रक्त आतल्या आत साठतं. जागा सैल असल्यामुळे ते लवकर अडतही नाही, म्हणून तासाभरात लिंबाएवढी, कधी मोसंबीएवढी सूज येते.

दुसरी गोष्ट कमी जणींना माहीत असते. क्लिटोरिसचा दिसणारा भाग म्हणजे फक्त टोक. आत त्याच्या दोन लांब शाखा जांघेच्या हाडाला धरून मागे जातात. ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोग शल्यविशारद हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ साली विच्छेदन करून ही रचना नीट मांडली, तोवर बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ती अपुरीच होती. हाडालगत असल्यामुळे त्या शाखांवर आणि त्यांच्या मज्जातंतूवर दाब पडायला फार काही लागत नाही.

नाशिककडे हे कशाकशाने होताना दिसतं?

लहान मुलींना सायकलची दांडी, झोक्याची किंवा बाकाची कड आणि घराचं लोखंडी फाटक. मोठ्यांना दुचाकीवरून पडताना हँडल किंवा फूटरेस्ट. शेतावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरताना पाय घसरून फळीवर दोन्ही बाजूंनी पाय टाकून आदळणं, बैलाचं किंवा गाईचं शिंग लागणं, द्राक्षबागेत मंडपाच्या अँगलवर पडणं. पेठ-सुरगाण्याकडे उन्हाळ्यात पाण्यासाठी विहिरीत उतरावं लागतं, तिथे कठड्यावर घसरणं. हे सगळे एका झटक्याचे मार झाले.

दुसरा प्रकार हळू दाबाचा. इथे सायकलवाल्यांची संख्या खरंच मोठी आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, त्यानंतर शहरात या खेळाचं वेड चांगलंच वाढलं. गंगापूर रोडवर पहाटे दिसणाऱ्या बायकांपैकी कित्येक जणी आता पंढरपूरची सायकल वारी करतात, कसारा घाट चढतात. जिममधल्या स्पिनिंगच्या सायकलचा दाबही तोच असतो, फक्त तिथे खड्डे नाहीत म्हणून बाई तासभर सीटवरून उठतच नाही. तिसरा प्रकार बाळंतपणाचा. बाळाचं डोकं बराच वेळ खाली अडकून राहिलं, किंवा चिमटा लावावा लागला, तर मज्जातंतू ताणला-दाबला जातो.

पहिल्या दोन दिवसांत काय केलं तर पुढचा त्रास वाचतो?

आडवं होणं, आणि बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवून काढणं. हे दिवसातून अनेकदा करायचं. शेक पहिल्या दोन दिवसांत नको, त्याने रक्तस्राव वाढतो. दोन दिवसांनंतर मात्र टबातल्या कोमट पाण्यात बसण्याने आराम पडतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, अॅस्पिरिन टाळा.

आंबेहळदीचा लेप घरोघरी विचारला जातो. पायाच्या सुजेवर तुम्ही खुशाल लावा. इथे लावू नका. आतली कातडी नाजूक असते, जरा जरी खरचटलेलं असलं तरी भाजल्यासारखं होतं, आणि पिवळ्या रंगाखाली आम्हाला काळंनिळं किती पसरलंय तेच दिसत नाही. डेटॉलही नको.

सूज डोळ्यांदेखत वाढत असेल, लघवी होत नसेल, चक्कर येत असेल, रक्त थांबत नसेल, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात जा. १०८ची गाडी याच कामासाठी आहे. वाढत नसलेली सूज आम्ही सहसा कापत नाही, शरीर ती स्वतः जिरवतं. वाढणारी, किंवा वरची कातडी काळवंडू लागलेली सूज मात्र उघडून रक्त काढावं लागतं.

सूज उतरली, पण आत सुपारीएवढी गाठ राहिली आहे. काय असेल?

बहुधा जिरायचं राहिलेलं रक्त. छोटी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते, मोठीला दीड-दोन महिने सहज लागतात. त्या काळात ती आधी मऊ असते, मग घट्ट होते आणि मग बारीक होत जाते. घट्ट झाली म्हणून घाबरून येणाऱ्या बायका पुष्कळ असतात. घट्ट होणं हा बरं होण्यातलाच टप्पा आहे, आकार कमी होतोय की नाही ते बघायचं.

दोन महिन्यांनंतरही गाठ तशीच असेल तर शक्यता तीन-चार असतात. चेंगरलेल्या चरबीचा काही भाग मरतो आणि त्याच्याभोवती कठीण आवरण तयार होतं. ती गाठ महिनोन् महिने राहते, कधी त्यात चुना साठून ती खड्यासारखी लागते. दुखत नसेल तर तिला हात न लावलेला बरा. कातडी फाटून शिवलेली असेल तर वरच्या कातडीच्या पेशी आत अडकून पुढे वर्षा-दोन वर्षांनी त्यातून पांढरट द्रव भरलेली गाठ होऊ शकते. ती छोट्या शस्त्रक्रियेने निघते. क्वचित रक्तवाहिनीची भिंत दुबळी होऊन फुगा तयार होतो. गाठीला बोट लावल्यावर ठोका जाणवला तर ती कुणालाही फोडू देऊ नका, आधी डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) करून घ्या.

आणि एक वेगळीच शक्यता. खोकल्यावर किंवा हंडा उचलल्यावर गाठ मोठी होते, आडवं झालं की आत जाते, तर तो हर्निया असू शकतो. मार लागल्यामुळे लक्ष तिथे गेलं, इतकाच त्याचा माराशी संबंध.

याचा पुढे कॅन्सर होतो का?

मुक्या मारातून कॅन्सर होतो असा पुरावा नाही. पण चाळिशीनंतर तिथे नव्याने आलेली कोणतीही गाठ, न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा केवळ ‘मागे लागलं होतं’ म्हणून सोडून देऊ नये. तुकडा तपासणं दहा मिनिटांचं काम असतं.

माझी एक बाजू दुसरीपेक्षा मोठी झाली आहे. हे असंच राहणार का?

आधी एक विचारते: पूर्वी कधी आरशात बघितलं होतं का? बहुतेकींनी बघितलेलं नसतं. दोन्ही बाजू सारख्या नसणं हे नेहमीचंच आहे, आणि मार लागल्यावर पहिल्यांदा बघणाऱ्या बाईला जन्मजात फरक माराचा वाटतो.

खरोखर वाढलेली असेल तर कारण शोधायचं. लांब पल्ल्याच्या सायकलपटू बायकांमध्ये एका बाजूचा मोठा ओठ सुजून तसाच राहण्याचा प्रकार बेल्जियममधल्या डॉक्टरांनी २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदवला. त्या सहा जणी होत्या आणि आठवड्याला शेकडो किलोमीटर चालवणाऱ्या होत्या. दाबाने आणि वारंवार होणाऱ्या बारीक जंतुसंसर्गाने लसिका, म्हणजे पेशींभोवतीचं जास्तीचं पाणी, वाहून नेणाऱ्या नळ्या खराब होतात, पाणी साठतं, आणि ही सूज राईडनंतर दिवसभराने उतरायची ती हळूहळू उतरेनाशी होते. वर्षानुवर्षं राहिली तर आत तंतू तयार होऊन ती कायमची होते. म्हणून राईडनंतरची सूज दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसायला लागली, की सीट बदलायची वेळ झाली असं धरा. त्या टप्प्यावर ती परत फिरते. कायम झालेली वाढ शस्त्रक्रियेने कमी करता येते, पण दाब तसाच राहिला तर पैसे वाया जातात, हे मी स्पष्ट सांगते. आणि त्रास काहीच नसेल, फक्त दिसण्याचा प्रश्न असेल, तर इंटरनेटवरचे फोटो बघून कुणी कापायला जाऊ नये.

लांब राईडनंतर तिथे बधिर होतं. कायमचं जाईल का संवेदन?

उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत परत येणारा बधिरपणा कायमचा नसतो, पण तो इशारा असतो. मज्जातंतू दाबला जातोय एवढाच त्याचा अर्थ. या तंतूचं नाव प्युडेंडल. पाठीच्या कण्याच्या तळातून, माकडहाडाच्या वरून निघून तो बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका अरुंद बोगद्यातून पुढे येतो. त्याची एक शाखा गुदद्वाराकडे जाते, एक भगाच्या ओठांकडे, आणि शेवटची जांघेच्या हाडाखालून क्लिटोरिसकडे. सरळ बसलं की वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. पुढे झुकून खाली हात धरले की तेच वजन सरकून समोरच्या हाडांवर येतं, आणि तिथे ही शेवटची शाखा सापडते.

अमेरिकेत २००६ साली सायकल चालवणाऱ्या आणि धावणाऱ्या बायकांची तुलना झाली. सायकलवाल्यांची कंपनं ओळखण्याची क्षमता त्या भागात कमी भरली, पण लैंगिक जीवनात फरक आढळला नाही. २०१२ साली त्याच धाटणीच्या अभ्यासात दिसलं की हँडल सीटच्या पातळीपेक्षा खाली असेल तर दाब वाढतो आणि संवेदन आणखी घटतं. २०१८ साली पोहणाऱ्या, धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्यांचं मोठं सर्वेक्षण आलं. त्यातही सायकलवाल्या बायकांचं लैंगिक आरोग्य इतरांपेक्षा वाईट निघालं नाही. बधिरपणा, सीटने होणारे फोड आणि लघवीचा जंतुसंसर्ग हे तीन त्रास मात्र जास्त होते. मला यातून कळतं ते असं की घाबरून सायकल अडगळीत टाकण्याचं कारण नाही, पण बधिरपणा ‘सगळ्यांनाच होतो’ म्हणून सोसण्याचंही नाही.

बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला तर दोन-तीन आठवडे सीटवर बसू नका. तंतूचं फक्त आवरण दुखावलं असेल तर तो काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सावरतो. आतले धागे तुटले असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने परत वाढतात, तेव्हा हिशेब महिन्यांचा होतो. परत येताना मुंग्या, टोचणी, नको इतकी हुळहुळ होते. ती बिघडल्याची खूण नव्हे. मात्र दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूसह बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं आणि पायात अशक्तपणा असं एकत्र आलं तर तो कण्याचा प्रश्न आहे. त्याच दिवशी दाखवा.

वर्ष झालं, बाहेर काही दिसत नाही, पण बसलं की जळतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

या बाईला सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात. आधी लघवीची तपासणी, मग बुरशीचं मलम, मग सोनोग्राफी, मग ‘टेन्शन घेऊ नका’. तंतूचं दुखणं सोनोग्राफीत दिसत नाही. ते सांगण्यावरूनच ओळखावं लागतं, आणि त्याच्या खुणा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत. बसल्यावर दुखणं वाढतं, उभं राहिलं किंवा आडवं झालं की कमी होतं. कमोडवर बसल्यावर मात्र त्रास होत नाही, कारण तिथे मधली जागा मोकळी असते. दुखणं रात्री झोपेतून उठवत नाही. बोटाने तपासलं तर कातडीचं संवेदन शाबूत असतं. आणि तंतूजवळ भूल दिली की दुखणं तेवढ्यापुरतं थांबतं. फ्रान्समधल्या नांत शहरातल्या तज्ज्ञांनी ठरवलेले हे निकष जगभर वापरतात. तुमचं दुखणं यात बसत असेल तर याच शब्दांत डॉक्टरांना सांगा, अर्धं निदान तिथेच होतं.

उपचार एका गोळीचा नाही. अमिट्रिप्टिलीन, गॅबापेन्टिनसारखी औषधं कमी डोसने सुरू करतात. त्यातल्या पहिलीचं नाव गुगलवर शोधलं की ‘नैराश्यावरची गोळी’ असं येतं आणि बायका ती बंद करतात. इथे ती तंतूची भडक शांत करण्यासाठी असते. जोडीला बसण्याची पद्धत बदलायची, म्हणजे मधे खाच असलेली उशी घ्यायची आणि अर्ध्या तासाने उठायचं. त्याने भागलं नाही तर तंतूजवळ इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया फारच थोड्यांना लागते.

आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. दुखरी जागा जपायची म्हणून हे स्नायू महिनोन् महिने आवळलेले राहतात आणि मग मूळ मार बरा झाला तरी स्नायूच दुखत राहतात. इथे यूट्यूब बघून केलेले आवळायचे व्यायाम उलटे पडतात. आवळलेल्याला आणखी आवळून काय मिळणार? आधी सोडायला शिकावं लागतं: पोटातून श्वास, गुडघे छातीशी घेऊन सैल पडणं, उकिडवं बसणं. हे काम शिकलेल्या फिजिओ नाशिकमध्येही आहेत, पण थोड्या. फोन करताना ‘पेल्विक फ्लोअर’ हे शब्द वापरून विचारा, नाहीतर कंबरेचे व्यायाम हातात पडतात.

संबंधाच्या वेळी दुखतं, किंवा पूर्वीसारखं काही वाटत नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुखण्याची कारणं सापडतात: शिवलेल्या जागेचा ताठ व्रण, योनीच्या तोंडाशी आवळलेले स्नायू, किंवा आधी दुखलं म्हणून या वेळीही दुखणार ही शरीराने धरलेली खूणगाठ. व्रणाला रोज साध्या तेलाने हलका मसाज, भूल देणारं लिडोकेन मलम आणि वर सांगितलेली फिजिओथेरपी यांनी बहुतेकींना फरक पडतो. तोवर संबंध बंद ठेवले तरी चालतं. दात-ओठ खाऊन सहन करण्याने स्नायू आणखी आवळतात, म्हणजे नुकसानच.

संवेदन कमी झालं असेल तर वेळ द्यावा लागतो. वर म्हटल्याप्रमाणे क्लिटोरिसचा मोठा भाग आत असतो, त्यामुळे टोकाला मार लागला तरी सगळं संपत नाही. क्वचित जखम भरताना क्लिटोरिसवरची कातडी चिकटते, ती मोकळी करता येते. हे न विचारता बायका वर्षानुवर्षं गप्प राहतात. विचारा. तो तुमच्या तब्येतीचाच भाग आहे.

लघवीची धार वाकडी जाते, जळजळही होते.

सूज असताना धार वाकडी जाणं साहजिक आहे. सूज गेल्यावरही राहिली तर लहान ओठांची कड चिकटली आहे का किंवा छिद्राशी व्रण झालाय का ते बघावं लागतं. जळजळ आणि ताप असेल तर लघवी तपासा, आणि दर वेळी मेडिकलवाल्याकडून उरलेलं अँटिबायोटिक आणू नका.

पुढे मूल होईल का? नॉर्मल डिलिव्हरी होईल?

होईल. गर्भाशय, बीजकोश या माराच्या आसपासही नाहीत. नॉर्मल डिलिव्हरीलाही सहसा अडचण नसते. मोठा व्रण असेल, किंवा ओटीपोटाचं हाड मोडलेलं असेल, तर नाव नोंदवतानाच सांगा. गरोदरपणात जुन्या जागी शिरा फुगलेल्या दिसल्या तर त्याही दाखवून ठेवा.

आमची आठ वर्षांची मुलगी सायकलच्या दांडीवर पडली. ‘पडदा’ फाटला असेल का? पुढे लग्नात...

नाशिक असो वा निफाड, हा प्रश्न आई हळू आवाजात विचारते आणि आजी मोठ्याने. आधी मुलीचं बघू. अशा पडण्यात मार पुढच्या बाजूला आणि बहुतेक एकाच कुशीला बसतो, मोठ्या-लहान ओठांच्या मधल्या खाचेत. योनीपटल आत असतं, ते सहसा वाचतं. खरचटलेलं एक-दोन आठवड्यांत भरतं. लघवी करताना झोंबतं म्हणून ती लघवी दाबून ठेवते, तेव्हा तिला कोमट पाण्याच्या टबात बसवा आणि त्यातच करू द्या. व्हॅसलीनचा पातळ थर लावला तर भरताना दोन्ही कडा एकमेकींना चिकटत नाहीत. पुढे मागे राहणारं नुकसान यात फारच क्वचित असतं.

आता लग्नाचं. योनीपटलावरून कौमार्य कळत नाही. कुणाला ते जन्मतः नावापुरतं असतं, कुणाचं ताणलं जातं आणि फाटत नाही. शास्त्रात या परीक्षेला काही आधार नाही, आणि इथल्याच म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ साली ‘कौमार्याची लक्षणं’ हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी अत्याचार झालेल्या बाईची योनीत बोटं घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं बजावलं. तेव्हा ‘पटल शाबूत आहे’ असं सर्टिफिकेट मागायला येऊ नका. मी देत नाही, आणि देणाऱ्याकडे जाऊ नका.

दुसरं मात्र गांभीर्याने घ्या. मुलगी सांगते ती गोष्ट आणि जखम जुळत नसेल, जखम मागच्या बाजूला किंवा आत असेल, कसं लागलं ते कुणालाच माहीत नसेल, किंवा मूल अजून चालतही नसेल, तर आम्ही खोदून विचारतो. त्याचा राग मानू नका. अठराच्या आतल्या मुलीवर अत्याचाराची शंका आली तर कळवणं डॉक्टरला पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

मार अपघाताचा नाही, कुणीतरी मारलं आहे. दवाखान्यात गेलं की पोलीस येणारच ना?

उपचार आधी, आणि ते फुकट. लैंगिक अत्याचारात सरकारी किंवा खासगी कोणत्याही दवाखान्याने पैसे न घेता लगेच उपचार करायचे, असा कायदा आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण तक्रार द्यायची की नाही आणि तपासणीला संमती द्यायची की नाही हे सज्ञान बाईचं तीच ठरवते. संमती नाकारली म्हणून उपचार थांबत नाहीत. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात हे होतं. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. महिने उलटून गेले असले तरी जा. नोंद पुढे कामाला येते, आणि जुन्या दुखण्यावर उपचारही तिथूनच सुरू होतात.

सायकल सोडून द्यावी का?

नाही. सीट बदला. मऊ, फुगीर गादी घेतली की बरं वाटेल असं दुकानात सांगतात आणि तिथेच घोळ होतो. मऊ गादीत बैठकीची हाडं रुततात आणि मधला भाग वर दाबला जातो. हवी ती पुरेशी रुंद, बेताची कडक आणि मधे खाच असलेली सीट. रुंदी मोजायला घरात पुठ्ठा घ्या, पायरीवर ठेवून त्यावर थोडं पुढे झुकून बसा आणि उठा. दोन खळगे पडतात. त्यांच्या मधल्या अंतरात दोन-तीन सेंटीमीटर मिळवले की तुमच्या सीटची रुंदी. बायकांची ही हाडं सहसा रुंद असतात, आणि सायकलबरोबर येणारी सीट बऱ्याचदा ते गृहीत धरत नाही.

सीटचं नाक वर असेल तर ते सपाट किंवा किंचित खाली करा. फार खाली केलं तर सगळं वजन मनगटांवर येतं. सीट जास्त उंच असली की प्रत्येक पायडलला कंबर डुलते आणि घासतं. हँडल सीटच्या पातळीला किंवा वर आणा, निदान बरं होईपर्यंत. दर दहा मिनिटांनी थोडं उभं राहून चालवा. त्र्यंबकच्या चढावर ते आपोआप होतं, गंगापूर धरणाकडच्या सपाट रस्त्यावर लक्षात ठेवावं लागतं. पॅडची शॉर्ट्स घालायची तर आत अंतर्वस्त्र नको, त्याची शिवण घासते. राईड संपल्यावर ग्रुपबरोबर मिसळ खायला बसायचं तर आधी शॉर्ट्स बदला. ओल्या पॅडवर तासभर बसणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

जुन्या माराची गाठ अजून दुखत असेल तर ती जाईपर्यंत चालणं, पोहणं चालू ठेवा.

पाळी गेल्यानंतर लागलं तर वेगळं काही?

हो. इस्ट्रोजेन कमी झाल्याने कातडी पातळ आणि कोरडी होते, साध्या घसरण्यानेही फाटते आणि भरायला जास्त दिवस घेते. त्या वयात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही चालू असतात. भरून आल्यावर आग होत राहिली तर इस्ट्रोजेनचं मलम चांगलं काम करतं, फक्त स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी विचारा. सासूबाईंनी ‘या वयात काय दाखवायचं’ म्हटलं तर त्यांना तुम्हीच रिक्षात बसवून आणा.

कुणाकडे जाऊ, आणि काय सांगू?

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. बाई डॉक्टरच हव्या असतील तर नाव नोंदवतानाच तसं सांगा, त्यात काही गैर नाही. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सोबत बाई नर्स हवी, ती मागून घ्या. घरून कागदावर लिहून न्या: कधी लागलं, कशावर लागलं, तेव्हा सूज किती होती, आता काय केल्याने वाढतं आणि काय केल्याने थांबतं. सुजेचे फोटो मोबाईलमध्ये काढलेले असतील तर ते फार उपयोगी पडतात, कारण तुम्ही येता तेव्हा सूज नसते. ते फोटो घरच्यांच्या गॅलरीत आपोआप जात नाहीत ना, एवढं मात्र आधी बघून घ्या.